मदत हवी आहे: रात्री साडेनऊला जेवणाऱ्या घरात इंटरमिटंट फास्टिंग कसं बसवायचं?

नमस्कार मंडळी,

वजन कमी करण्यासाठी इंटरमिटंट फास्टिंग, म्हणजे ठरावीक वेळीच खायचं आणि बाकी वेळ उपाशी राहायचं, हे सुरू करायचं ठरवलं आहे. ज्यांनी हे पुण्यातल्या नोकरी-संसाराच्या धबडग्यात निभावलं आहे त्यांचा सल्ला हवा आहे. एकट्या राहणाऱ्या, जिमला जाणाऱ्या मुलांचे व्हिडिओ भरपूर पाहिले, पण पाच माणसांच्या घरात हे कसं बसवायचं ते त्यात कुणी सांगत नाही.

आधी माझी माहिती देते. वय ४६, उंची १५८ सेंमी, वजन ७१ किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २८ च्या वर. आपल्याकडे २३ च्या पुढे वजन जास्त आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात, बायकांची कंबर ८० सेंमीच्या आत हवी म्हणतात. माझं सगळंच त्याच्या पुढे गेलं आहे. थायरॉइडची गोळी बरीच वर्षं चालू आहे. साखर नॉर्मल, बीपी नॉर्मल, पाळी गेल्या वर्षापासून मागेपुढे होते. अधूनमधून अॅसिडिटी होते. राहायला कोथरूडला, नोकरी डेक्कनला. वनाजहून मेट्रो पकडते, त्यामुळे जाण्यायेण्याचा त्रास नाही.

त्रास आहे तो नवऱ्याच्या वेळेचा. त्याचं ऑफिस हिंजवडीला. चांदणी चौकापर्यंत येईतो पावणेनऊ वाजतात, मग हातपाय धुऊन ताटावर बसायला साडेनऊ. सासूसासरे आणि दहावीतली मुलगी त्याच्यासाठी थांबतात. दिवसभरात सगळे एकत्र असतो ती हीच वेळ, आणि ती मोडावी असं मला अजिबात वाटत नाही. गरम पोळ्या मी करते. एकेक तव्यावरून थेट ताटात जाते, माझं ताट सगळ्यात शेवटी. त्यानंतर आवरताना कढईत दोन चमचे भाजी, पातेल्यात भाताची खरवड, टाकायची कशाला म्हणून ओट्याशी उभ्या उभ्या तेही पोटात जातं. झोपायला अकरा.

वाचलं ते थोडक्यात सांगते, म्हणजे तुम्हाला पहिल्यापासून समजवावं लागणार नाही. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारावर आधारलेली डॉ. जगन्नाथ दीक्षितांची पद्धत माहीत आहे: दिवसातून दोनदाच जेवायचं, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत. ऋजुता दिवेकरांचं थोड्या थोड्या वेळाने खात राहा हेही माहीत आहे. आमच्या नातेवाइकांत दोन्ही बाजूंचे कट्टर लोक आहेत, आणि दोन्हीकडे वजन उतरलेली माणसं मी डोळ्यांनी पाहिली आहेत. शिवाय १६:८ (१६ तास उपाशी, उरलेल्या ८ तासांत खायचं), तसंच १४:१०, आणि आठवड्यातून दोन दिवस ५००-६०० कॅलरीवर राहायचं ते ५:२.

संशोधनही जमेल तेवढं वाचलं. चीनमधल्या ग्वांगझोचा २०२२ सालचा अभ्यास मला सगळ्यात उपयोगी वाटला. १३९ लठ्ठ माणसं, वर्षभर, दोन्ही गटांना कॅलरी सारख्याच कमी करून दिलेल्या. एका गटाने सकाळी ८ ते दुपारी ४ एवढ्यातच खायचं, दुसऱ्याला वेळेचं बंधन नाही. पहिल्यांचं सरासरी ८ किलो उतरलं, दुसऱ्यांचं ६.३, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. म्हणजे पोटात एकूण किती जातं त्यालाच महत्त्व, घड्याळात वेगळी ताकद नाही, हे मला कळलं आहे आणि पटलंही आहे.

तरीही मला हेच करायचं आहे, त्याचं कारण स्वयंपाकघर. पाच जणांची आमटी एका पातेल्यात होते, फोडणीत तेल किती पडलं आणि माझ्या वाटीत त्यातलं किती आलं हे मी कसं मोजणार? कॅलरी लिहून ठेवणं माझ्याच्याने होणार नाही. पण 'या वेळेनंतर तोंडात काही टाकायचं नाही' हा नियम मी पाळू शकते. ओट्याशी उभं राहून खाणं तेवढ्यानेच थांबेल, आणि माझा अंदाज आहे की माझं निम्मं वजन तिथलंच आहे.

आता प्रश्न. दुपारी दीड ते रात्री साडेनऊ ही वेळ घरच्या रिवाजात बसते, डबाही दीडलाच उघडतो. पण इतक्या उशिरा जेवून पुढे १६ तास काढण्यापेक्षा लवकर जेवणं बरं असं बरेच जण सांगतात. लवकर जेवायचं तर साडेनऊच्या पंगतीत मी काय करू?

सकाळी साडेपाचला थायरॉइडची गोळी, सव्वासहाला सासूबाईंबरोबर दूधसाखरेचा चहा. हा चहा सोडायलाच हवा का? चार वाजता ऑफिसखालच्या अमृततुल्यचाही असतो, पण तो खाण्याच्या वेळेत बसतो म्हणून त्याची काळजी नाही.

घरात एकादशी आणि संकष्टी कडक पाळतात. संकष्टीला सकाळी साबुदाण्याची खिचडी आणि मग चंद्रोदयानंतर जेवण. त्या दिवशी वेळेचं काय करायचं?

आणि सगळ्यात महत्त्वाचं. नवरा म्हणतो, मीही तुझ्याबरोबर करतो. तो मधुमेही आहे, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड एकत्र असलेली गोळी घेतो. मला भीती वाटते, त्याला वाटत नाही. जाणकारांनी यावर नक्की लिहा, मी त्याला वाचून दाखवणार आहे.

प्रतिसाद १

ताई, शेवटच्या प्रश्नाचं आधी लिहितो, कारण आमच्या घरात हे घडलं आहे. माझे मोठे भाऊ याच जोडगोळीवर होते. कुणालाही न विचारता सकाळचं खाणं बंद केलं, गोळी मात्र चालू. अकराच्या सुमारास पर्वतीच्या पायऱ्यांवर दरदरून घाम, हात थरथरायला लागले, बोलणं असंबद्ध. सोबतच्या माणसाकडे गूळ होता म्हणून निभावलं. मिस्टरांना सांगा, डॉक्टरांशी बोलल्याशिवाय एकही जेवण चुकवायचं नाही.

तुमच्यापुरतं म्हणाल तर १६ तासांवर एकदम उडी मारू नका. रात्रीचं जेवण झालं की चूळ भरायची, आणि तिथून बारा तास काही नाही. एवढंच आधी करा. अंगवळणी पडलं की दर आठवड्याला अर्धा तास वाढवा. मी १४:१० वर थांबलो, पुढे गेलोच नाही, आणि माझं त्यावर भागतं. पहिल्या आठवड्यात काटा पटकन खाली येतो त्याने हुरळू नका, त्यात बरंचसं पाणी असतं.

पंगतीचं: मी साडेसातला जेवतो आणि सुनेच्या, मुलाच्या पानावर नंतर गप्पा मारत बसतो. पहिले काही दिवस घरच्यांना चुकल्यासारखं वाटलं. आता वाढायचं काम माझ्याकडे आहे.

प्रतिसाद २

मी आहारतज्ज्ञ आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, तुम्ही जेवलात की नाही हे ते पाहत नाही. म्हणून जेवण पुढे ढकललं आणि गोळी ठरल्या वेळी घेतली की साखर ७० च्या खाली जाऊ शकते. एकट्या मेटफॉर्मिनने सहसा असं होत नाही. डॉक्टर गोळीचा डोस किंवा वेळ बदलून देऊ शकतात, तो निर्णय त्यांचाच. मधुमेहाचीच डापाग्लिफ्लोझिनसारखी गोळी असेल तर तेही सांगायला हवं, कारण लांब उपाशी राहण्यात कीटोन (चरबी जळताना तयार होणारी आम्लं) वाढून रक्त आम्लधर्मी होण्याचा धोका असतो. घरात ग्लुकोमीटर ठेवा. घाम, थरथर, धडधड जाणवली तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. गुंगीत असेल, गिळता येत नसेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा.

तुमची थायरॉइडची गोळी या पद्धतीत छान बसते. ती रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याबरोबरच घ्यायची असते. चहा त्यानंतर निदान अर्ध्या ते एक तासाने. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी असेल तर तिच्यात आणि हिच्यात चार तास तरी अंतर हवं. वजन उतरायला लागलं की टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) पुन्हा तपासून घ्या, डोस बदलावा लागू शकतो.

दूधसाखरेच्या चहाने उपास मोडतो, त्यात दुमत नाही. कोरा, बिनसाखरेचा चहा चालतो. पण तुम्हाला अॅसिडिटी आहे, तेव्हा रिकाम्या पोटी कोरी कॉफी ढोसण्याच्या फंदात पडू नका. मी तर म्हणेन, सासूबाईंबरोबरचा चहा सोडण्याऐवजी साडेआठला न्या आणि बरोबर नाश्ता करा. साडेआठ ते साडेसात, म्हणजे रात्रीचे तेरा तास झाले. सुरुवातीला एवढं पुरे.

खरी अडचण मला वेगळीच दिसते. जेवणं कमी झाली की प्रथिनं कमी होतात. अमेरिकेत २०२० मध्ये ११६ जणांवर झालेल्या बारा आठवड्यांच्या अभ्यासात दुपारी १२ ते रात्री ८ खाणाऱ्यांचं किलोभरही वजन उतरलं नाही, आणि जे उतरलं त्यात चरबीपेक्षा स्नायूंची झीज जास्त होती की काय अशी शंका निघाली. पाळी जाण्याच्या वयात बायकांना हे परवडत नाही. भारतीय शिफारशीप्रमाणे किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे तुम्हाला दिवसाला साधारण ५९ ग्रॅम प्रथिनं लागतात. पातळ आमटीच्या वाटीने ते भागत नाही. मोडाची उसळ, घट्ट वरण, पिठलं, दही, पनीर, खात असाल तर अंडी, असं दर जेवणात काहीतरी ठळक हवं. सोबत आठवड्यातून दोनतीनदा स्नायूंना ताण देणारा व्यायाम.

साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट असतो, प्रथिनं नावाला. उपासाला भगर, राजगिरा, दाण्याची आमटी, दही घ्या. संकष्टीला चंद्रोदयानंतर जेवा, त्या दिवशी घड्याळाचा हट्ट नको. महिन्यातून एका रात्रीने काही बिघडत नाही.

दहावीतल्या मुलीला यात ओढू नका. वाढीच्या वयात, गरोदरपणी, अंगावर पाजताना, किंवा पूर्वी खाण्याचा काही विकार झालेला असेल तर हे करायचंच नाही.

मूळ धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. दोन्ही प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवले. पर्वतीवरचा प्रसंग ऐकून तो गप्प झाला आणि स्वतःहून शनिवारची अपॉइंटमेंट घेतली. डॉक्टर काय सांगतील ते कळेपर्यंत त्याची जेवणं होती तशीच.

मी सोमवारपासून साडेआठ ते साडेसात धरते आहे. सासूबाईंना चहा साडेआठला नेण्याबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, माझा सहाचा मी घेईन, तुझ्याबरोबर अर्धा कप परत घेईन. डब्यात उद्यापासून पोळी दोनच आणि मटकीची उसळ मोठ्या डब्यात.

आता पोळ्यांचं तेवढं सांगा. मी साडेसातला जेवणार, बाकीचे साडेनऊला, आणि मुलीला पोळी तव्यावरचीच लागते. पीठ एकदाच भिजवून पोळ्या दोनदा कराव्यात, की माझ्यापुरती भाकरी करून मोकळं व्हावं? ज्यांच्या घरी अशी दोन वेळांची पंगत आहे, ते कसं जमवतात?