१९६६ मस्टँग विकायची आहे: रंगकाम करून की आहे तशी?

एडिसनकर: न्यू जर्सीत आहे. फोर्ड मस्टँग हार्डटॉप, व्हीआयएनची (गाडीच्या ओळख क्रमांकाची) सुरुवात ६टी०७सी. २८९ घनइंची व्ही-८ इंजिन, सी-४ ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. बरीच वर्षं गॅरेजात बंद, इंजिन हाताने फिरतं. ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा गंजलाय. टायटल (मालकीचा कागद) हातात आहे. रंग मारून विकली तर जास्त पैसे सुटतील का? जाहिरातीत ‘मॅचिंग नंबर्स’ (म्हणजे इंजिन याच गाडीचं मूळचं) लिहू का?

पत्राकाम: रंगाला हात लावू नका. विकायला काढलेल्या गाडीवर ताजा रंग दिसला की जाणकार गिऱ्हाईक आधी खिशातून चुंबक काढतं आणि पुट्टी शोधतं. रंगाचे पैसे सहसा वसूल होत नाहीत.

पायाखालचा गंज मात्र कुठून आला ते शोधा. या गाड्यांत पाणी बहुतेकदा वरून येतं. पुढच्या काचेखालच्या जाळीतून, म्हणजे काउलमध्ये, पाणी हळूहळू ओता आणि कुणाला तरी टॉर्च घेऊन डॅशखाली बघायला सांगा. हीटरच्या आसपास किंवा डाव्या कोपऱ्यात थेंब आले तर काउल आतून सडलाय. फ्लोअर पॅन (पायाखालचा पत्रा) नवा मिळतो, स्वस्त असतो, घरगुती वेल्डरनेही बसतो. काउल दुरुस्त करायचा तर पुढचे फेंडर उतरवून ढीगभर स्पॉट वेल्ड ड्रिल करावे लागतात. किमतीत खरा फरक इथेच पडतो. काउल गळत असताना नवा पॅन टाकणं म्हणजे पैसे पाण्यात.

टॉर्क बॉक्स (फ्रेम रेल दरवाज्याखालच्या पत्र्याला जोडणारी पेटी), पुढच्या फ्रेम रेल (इंजिनाच्या दोन्ही बाजूंचे लांब आधार), बॅटरीखालचा एप्रन (फेंडरच्या आतला पत्रा), डिकीचे दोन्ही कोपरे, शॉक टॉवरच्या (शॉक ॲब्सॉर्बर वर जिथे बसतो त्या भागाच्या) भेगा: सगळ्याचे फोटो खालून, भरपूर उजेडात. गंज लपवला तर घासाघीस गाडीपाशी उभं राहून होते, आणि तेव्हा भाव जास्त तुटतो.

तेलकट: खर्च करायचाच तर ती चालती आणि थांबती करण्यावर करा. सगळे प्लग काढून प्रत्येक सिलिंडरात चमचाभर तेल टाका, रात्रभर ठेवा, पान्याने क्रँक दोन-तीन फेरे फिरवा. मग प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आतला दाब) मोजा आणि आठही आकडे जाहिरातीत टाका. टाकीतलं जुनं पेट्रोल वापरू नका, त्याच्या चिकट थराने ऑटोलाइट २१०० कार्बोरेटरचे जेट बुजतात. कॅनमध्ये ताजं पेट्रोल घेऊन पाइप थेट फ्युएल पंपाला जोडा.

१९६६ मध्ये ब्रेकचं सर्किट एकच होतं. एक व्हील सिलिंडर गळला तरी पेडल तळाला जातं आणि चारही चाकांचा ब्रेक जातो. मास्टर सिलिंडर, चार व्हील सिलिंडर, तीन रबरी होज: सगळं एकदम बदला. गाडी स्वतःच्या जोरावर ट्रेलरवर चढली की गिऱ्हाइकं वाढतात.

कोडवाचक: ‘मॅचिंग नंबर्स’ लिहू नका. त्या वर्षी मस्टँगमध्ये व्हीआयएन फक्त के-कोड हाय-पो (जास्त ताकदीच्या) इंजिनावर ठोकत. तुमचं सी-कोड (व्हीआयएनमधला ‘सी’), टू-बॅरल (दोन नळ्यांच्या कार्बोरेटरचं), २०० अश्वशक्ती. म्हणजे दावा सिद्धच करता येणार नाही. त्याऐवजी इंजिनाच्या ब्लॉकवर स्टार्टरजवळ ओतकामातच उमटलेली तारीख वाचा, त्यासाठी स्टार्टर उतरवावा लागेल. उदाहरणार्थ ५एल१२ म्हणजे १२ नोव्हेंबर १९६५ (महिन्यांच्या अक्षरांत ‘आय’ गाळतात). ती दरवाज्यावरच्या पट्टीवरील तारखेच्या थोडी आधीची निघाली, तर ‘तारखेने जुळणारं इंजिन’ एवढं बिनधास्त लिहा. चाकाला पाच नट आहेत ना तेही बघा; चार असतील तर ती मूळची सहा सिलिंडरची.

बाकी व्हीआयएनमधला ‘टी’ म्हणजे मेटचेन कारखाना, आणि तो होता एडिसनमध्येच! हे जाहिरातीत नक्की टाका.

कागदवाला: टायटलवरचा नंबर डाव्या फेंडर एप्रनवरच्या ठशाशी अक्षर-अक्षर ताडून घ्या. ओडोमीटर पाच आकडी आहे, लाख मैलांनंतर पुन्हा शून्यावर येतो, म्हणून ‘मूळ मैल’ म्हणू नका. कॅशियर्स चेक (बँकेनेच काढलेला चेक) घ्यायचा तर खरेदीदाराच्या बँकेत स्वतः जाऊन, समोर काढलेलाच. ‘मी परदेशात आहे, जास्त रक्कम पाठवतो, उरलेली वाहतूकदाराला द्या’ असं आलं की संवाद बंद. विक्रीनंतर नंबर प्लेट काढून एमव्हीसीत (न्यू जर्सीच्या वाहन खात्यात) जमा करा.

एडिसनकर: पाणी ओतायच्या आधी कार्पेट काढू ना?

पत्राकाम: हो, आणि त्याखालचं ज्यूटचं अस्तरसुद्धा. ते ओलं राहिलं तर आठवड्याभरात उरलासुरला पत्राही जाईल.