उजव्या बाजूचा हेडलाईट सारखा जातोय, सात महिन्यांत चौथा बल्ब

घाटवाट_चिपळूण
नमस्कार मंडळी. गाडी पेट्रोल हॅचबॅक, 2013 ची, हेडलाईटला साधा एच4 बल्ब (एकाच बल्बमध्ये दोन तारा), 60/55 वॅट, म्हणजे अप्पर (लांबचा प्रकाश) 60 आणि डिप्पर (जवळचा, खाली पडणारा) 55. जुलैपासून उजव्या बाजूचा म्हणजे ड्रायव्हर साईडचा डिप्पर जातोय. नवीन बल्ब टाकला की तीन आठवडे, कधी दीड महिना नीट चालतो आणि मग एके रात्री बंद. अप्पर मात्र लागतो. डावा बल्ब दोन वर्षांपूर्वीचा आहे, त्याला काही झालेलं नाही. गॅरेजवाल्याने दरवेळी बल्ब बदलून दिला, एकदा फ्यूज बघितला तो चांगला होता, शेवटच्या वेळी म्हणाला डायनॅमो जास्त करंट देत असेल, बदलावा लागेल. तो खर्च हजारांत जातोय म्हणून आधी इथे विचारतोय.

घाई का ते पण सांगतो. आईची ट्रीटमेंट कराडला चालू आहे, दर पंधरा दिवसांनी जावं लागतं आणि येताना कुंभार्ली घाटात हमखास रात्र होते. मागच्या शुक्रवारी कोयनानगर सोडल्यावर लाईट गेला, धुकं होतं, आणि समोरून येणारा टेम्पो सरळ माझ्या अंगावर यायला लागला कारण त्याला माझा फक्त डावा लाईट दिसत होता, त्याला वाटलं कडेने बाईक येतेय आणि मधे भरपूर जागा आहे. अप्पर मारला तेव्हा त्याने गाडी आत घेतली. आई शेजारी बसलेली. तेव्हापासून रात्रीचं जायचं म्हटलं की पोटात गोळा येतो.

रायडर_नगर
भाऊ दोन्ही बाजूला एलईडी टाकून मोकळा हो. मी टाकलेत, दिवसासारखा उजेड पडतो आणि बल्ब जायची भानगडच नाही.

वायरमन_इस्लामपूर
दादा, डायनॅमोला हात लावू नका. वीस वर्षं गाड्यांचं वायरिंग करतोय. डायनॅमो जास्त व्होल्टेज देत असता तर दोन्ही बाजूचे बल्ब उडाले असते, सोबत मागचे पण. व्होल्टेज पाच टक्के जरी वाढलं तरी बल्बचं आयुष्य जवळपास निम्म्यावर येतं हे खरं आहे, पण वाढलेलं व्होल्टेज फक्त उजवीकडे जात नाही. खात्री करायची तर इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मीटर लावा, 13.8 ते 14.5 च्या मधे असेल तर तो विषय संपला.

आता माझे प्रश्न, यांची उत्तरं द्या मग बोलू. गेलेले बल्ब जपून ठेवलेत का? असतील तर उजेडात धरून काचेच्या आत बघा, डिप्परची तार तुटलीय की शाबूत आहे आणि काच कशी दिसते, स्वच्छ, काळी की दुधासारखी पांढरी. दुसरं, लाईट गेल्यावर बोनेटवर थाप मारली किंवा खड्ड्यात गाडी आदळली की परत लागतो का? तिसरं, कधी जास्त वॅटचा, 100/90 चा बल्ब वापरलाय का? आणि चौथं, बल्बच्या मागचं रबर जागेवर आहे का?

अप्पर लागतोय म्हणजे अर्थिंगची (करंट परत नेणारी) वायर ठीक आहे, अप्पर-डिप्पर दोघांना ती एकच असते. म्हणजे एकतर डिप्परची तार जातेय नाहीतर डिप्परची लाईन.

घाटवाट_चिपळूण
दादा खूप आभार. आत्ताच खाली जाऊन बघून आलो.

बॅटरीवर 14.1. पहिले दोन बल्ब गॅरेजवाल्याने टाकून दिले, त्यातला पहिला आतून पांढरा झाला होता एवढं आठवतंय. तिसरा डिकीत सापडला आणि चौथा गाडीतच आहे तो काढला. दोन्हीच्या काचा स्वच्छ आणि तार मला तरी अख्खी दिसतेय! थाप मारल्यावर दोनदा लागला होता, तेव्हा मी लक्ष दिलं नाही. 100/90 वापरलाय, 2021 च्या पावसाळ्यात धुक्यासाठी टाकले होते, वर्षभर होते, मग डावा उडाला तेव्हा दोन्हीकडे परत 60/55 केले. रबर उजवीकडे नाहीच आहे. त्या बाजूला बॅटरी आहे, हात नीट जात नाही, कोणीतरी बसवायचं सोडून दिलेलं दिसतंय.

वायरमन_इस्लामपूर
मग तुमचे बल्ब गेलेलेच नाहीत दादा. पहिला खरंच गेला होता, पांढरी काच म्हणजे आत हवा शिरली, रबर नसल्यामुळे पावसाचं पाणी तापलेल्या काचेवर पडून ती चिरली असणार. पुढचे जे गेले म्हणताय ते बॅटरीवर डायरेक्ट लावून बघा. बल्ब हातात धरू नका, लोखंडी पट्टीवर ठेवा, मधे फ्यूज लावलेली वायर घ्या, दोन सेकंद पुरे, फार तापतो. काचेला बोट लागू देऊ नका, हाताचा तेलकटपणा बसला की तिथे काच जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो.

तो पेटला तर कपलर बघा, म्हणजे बल्बच्या मागे बसणारं वायरचं प्लास्टिक सॉकेट. मला वाटतं डिप्परची पिन जळालेली सापडेल. 55 वॅटला साडेचार अँपिअरच्या आसपास करंट जातो, 90 ला साडेसात, आणि कंपनीची वायर, पिन, प्लास्टिक सगळं साडेचारच्या हिशोबाने असतं. वर्षभर तापून पिनची स्प्रिंग गेली, पकड ढिली झाली, ढिली झाली की अजून तापते. नवीन बल्ब टाकताना कपलर काढला-घातला की पिन घासली जाते, महिनाभर कॉन्टॅक्ट मिळतो, मग घाटातल्या हादऱ्यांनी परत सुटतो. सगळ्यांना वाटतं नव्या बल्बने काम झालं.

सायंफेरी_कोल्हापूर
वरच्या एलईडीच्या सल्ल्यावर बोलते, कारण रोज रात्री गडहिंग्लज रोडला असते आणि त्या लाईटांनी डोळ्यांपुढे अंधारी येते. एच4 चं रिफ्लेक्टर बल्बमधल्या तारेच्या नेमक्या जागेवर बेतलेलं असतं, डिप्परच्या तारेखाली छोटी वाटी असते ती वर जाणारा प्रकाश अडवते. बाजारातल्या बहुतेक एलईडीचे चिप्स त्या जागी बसत नाहीत, म्हणून आपल्याला भरपूर उजेड वाटतो आणि समोरच्याला काही दिसत नाही. घाटात समोरच्याला न दिसणं आपल्यालाच महागात पडतं. शिवाय कपलर जळालेला असेल तर एलईडी पण त्याच जळक्या पिनेवर लागणार. रायडर भाऊ, राग मानू नका, पण एकदा भिंतीसमोर गाडी लावून प्रकाश कुठवर जातो ते नक्की बघा.

रायडर_नगर
राग नाही ताई. हे वाटीचं माहीत नव्हतं. बघतो आज रात्री.

घाटवाट_चिपळूण
मंडळी, रविवारी सगळं केलं, सविस्तर लिहितो म्हणजे दुसऱ्या कोणाला उपयोग होईल.

दोन्ही बल्ब बॅटरीवर लखकन पेटले, डिप्पर पण आणि अप्पर पण. सात महिने चांगले बल्ब काढत होतो. मग बॅटरी बाजूला काढून कपलर बाहेर ओढला. तीन भोकांपैकी डिप्परच्या भोकाभोवतीचं प्लास्टिक तपकिरी होऊन वितळलंय, पिन निळी-काळी पडलीय, आणि त्या पिनेत बसणाऱ्या बल्बच्या पातीवर (मागच्या धातूच्या पट्टीवर) काळा डाग. बाकीच्या दोन पाती चकचकीत.

कपलर दाबून लाईट लावला आणि मोजलं. बॅटरीवर 14.1, कपलरच्या मागे वायरवर 13.5 आणि बल्बच्या पातीवर 11.1. वायर आणि पाती यांच्यात बोटभर पण अंतर नाही आणि तेवढ्यात 2.4 व्होल्ट गायब. दुसऱ्या दिवशी इथल्या एका वायरमनकडून सिरॅमिकचा कपलर बसवला, नवीन पिना वायरवर दाबून बसवून (क्रिंप करून), जळकी वायर चार बोटं मागे कापून. मजुरीसकट साडेतीनशे. आता पातीवर 13.4 येतंय.

वायरमन_इस्लामपूर
एक नंबर. 2.4 व्होल्ट आणि सव्वाचार अँपिअर म्हणजे दहा वॅट उष्णता त्या एवढ्याशा पिनेत, प्लास्टिक वितळणारच. 60/55 वरच राहणार असाल तर रिले किटची (हेडलाईटला बॅटरीवरून थेट करंट देणाऱ्या वेगळ्या वायरिंगची) गरज नाही. रबर मात्र बसवाच. आणि डावा कपलर बघितला का? 100/90 तिकडे पण होता.

घाटवाट_चिपळूण
तुम्ही लिहिलं म्हणून आत्ता बघितला. डिप्परचं भोक तिकडे पण पिवळट पडायला लागलंय, अजून वितळलं नाही. उद्या तो पण बदलतो आणि दोन्ही रबरं आणतो. शुक्रवारी परत कराड आहे, जुने दोन बल्ब कापडात गुंडाळून डिकीत ठेवलेत, चांगले आहेत ते.