पद्मिनीचं इंजिन नक्की कुठल्या सालचं? शिवाय ट्रॅफिकमध्ये तापतंय

खिळखिळी_खिडकी:
प्रीमियर पद्मिनीचं पेट्रोल इंजिन कुणी डिलाइटच्या (पद्मिनीच्या आधीचं, साठच्या दशकातलं फियाट मॉडेल) काळातलं म्हणतं, कुणी थेट दुसऱ्या महायुद्धाआधीचं. खरं काय? दुसरं असं की सायन-कुर्ला पट्ट्यात रांगेत उभं राहिलं की काटा चढतो. मग गाडी बंद केली तर कितीही सेल्फ मारा, गार होईपर्यंत उठत नाही. रेडिएटर साफ करून झालाय.

टॅपेट_कव्हर:
दोघंही बरोबर. बॉडी फियाट ११०० डीची, साठच्या दशकातली. इंजिनाचं मूळ मात्र १९३७च्या फियाट ५०८ सी मध्ये. ती गाडी दान्ते जिआकोसा यांची. बोअर (सिलिंडरचा व्यास) ६८ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७५, १०८९ सीसी. त्या काळच्या बऱ्याच स्वस्त गाड्यांत व्हॉल्व्ह ब्लॉकच्या बाजूला असायचे. इथे ते वर, पुशरॉडवर चालणारे, आणि हेड (ब्लॉकवरचं झाकण) अ‍ॅल्युमिनियमचं. क्रँकला (पिस्टनांनी फिरणारा मुख्य दांडा) आधाराची मेन बेअरिंग तीनच, म्हणजे पिळून काढायचं हे इंजिन नव्हे.

जुना_डेल्को:
एक पुरवणी. इटलीतल्या ११०० डीला १२२१ सीसीचं इंजिन होतं. स्ट्रोक तोच, बोअर ७२. आपल्याकडे १०८९च राहिलं. त्यामुळे ‘११०० डी’ एवढंच वाचून बाहेरून पिस्टन-रिंगा मागवाल तर फसाल. चार मिमीचा फरक कुठल्याही ओव्हरसाइजमध्ये (झिजलेल्या सिलिंडरसाठीचे थोडे मोठे पिस्टन) बसत नाही.

टॅपेट_कव्हर:
आता तापण्याचं. पंखा बेल्टवर फिरतो, म्हणजे आयडलला तोही मंद. त्यात बेल्ट सैल असला तर विचारूच नका. आधी बेल्ट बघा, मग टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ. टायमिंग मागे पडलेलं इंजिन रेडिएटर नवा टाकला तरी तापणारच.

गरम असताना न उठणं वेगळं. पेट्रोल पंप इंजिनलाच बसवलेला, आतलं पेट्रोल वाफ होतं. पंपावर ओलं फडकं ठेवा. पाच मिनिटांत उठली तर कारण तेच. मग पाइप सायलेन्सरच्या नळापासून लांब घ्या. पंपातला डायफ्राम (रबरी पडदा) पण तपासा, जुनं रबर इथेनॉलच्या पेट्रोलात टिकत नाही.

जुना_डेल्को:
इंजिन चालू असताना रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे दिसले तर हेड पॅकिंग (हेड आणि ब्लॉकमधली गॅस्केट) गेलं समजा. लोखंडी ब्लॉकवर अ‍ॅल्युमिनियमचं हेड, दोन्ही सारखं फुगत नाहीत. हेड पूर्ण गार झाल्याशिवाय खोलू नका, वाकतं. सरळ पट्टी आणि फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्या) बघूनच फेसिंगला, म्हणजे घासून सपाट करायला द्या. नट कसताना मधून बाहेरच्या बाजूला, दोन-तीन फेऱ्यांत.

हेड उघडलंच तर व्हॉल्व्ह सीटही (व्हॉल्व्ह मिटतो ती बैठक) बघून घ्या. २०००पासून पेट्रोलात सीटला वाचवणारं शिसं नाही, सीएनजी तर कोरडाच. सीट झिजली की व्हॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेटचा गॅप कमी होतो, वाढत नाही; मग व्हॉल्व्ह नीट मिटत नाही. आवाज नाही म्हणून मालक खूश, तोवर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळालेला असतो.