मदत हवी आहे: ल्यूटनच्या म्पान्झूच्या जुन्या मॅचेस कुठे मिळतील?

मंडळी, ल्यूटन टाऊन या इंग्लिश फुटबॉल क्लबचा माजी मिडफिल्डर पेली-रडॉक म्पान्झू, याच्या करिअरवर मराठीत एक मोठा लेख लिहायला घेतलाय. हा पोरगा 2013 मधे वेस्ट हॅमकडून आला तेव्हा ल्यूटन पाचव्या लेव्हलला, म्हणजे कॉन्फरन्समधे होतं, आणि तिथून 2014, 2018, 2019 असं एकेक पायरी चढत 2023 ला वेम्बलीवर कॉव्हेंट्रीला पेनल्टीवर हरवून थेट प्रीमियर लीग, आणि एकाच क्लबसोबत नॉन-लीगपासून (म्हणजे वरच्या चार लेव्हलच्या खालून) प्रीमियर लीगपर्यंत खेळलेला हा पहिलाच प्लेअर! स्टार लोकांवर सगळेच लिहितात हो, पण अशा माणसावर लिहायलाच पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

अडचण अशी की प्रीमियर लीगचं फुटेज ढीगभर आहे, पण कॉन्फरन्स आणि लीग टूच्या (चौथ्या लेव्हलच्या) काळातलं मला नीट काहीच मिळेना. हायलाइट्समधे नुसते गोल दिसतात, मिडफिल्डरचं खरं काम, बॉल हिसकावून तसाच पुढे घेऊन पळणं, ते कटच होतं. पूर्ण मॅचेस कुणाकडे आहेत का? आणि इंग्लंडमधे राहणाऱ्यांपैकी कुणी केनिलवर्थ रोडला, म्हणजे ल्यूटनच्या मैदानावर, मॅच बघितलीय का? तिथे पाहुण्या टीमच्या फॅन्सना ओक रोडवरच्या घरांच्या रांगेतूनच आत जावं लागतं, त्या स्टँडमधला अनुभव सविस्तर सांगा प्लीज.