मदत हवी आहे: सातबाऱ्यावरचा 'भोगवटादार' स्पॅनिशमध्ये कसा सांगायचा?

नमस्कार मंडळी,

मी अमळनेरची. घरीच स्पॅनिश शिकतेय, 'देले'ची (स्पॅनिशच्या प्रमाणपत्राची) बी-1 पातळीची परीक्षा द्यायची आहे. मालमत्तेच्या धड्यातले शब्द काही केल्या डोक्यात राहीनात. शेवटी आजीच्या नावावरचा सातबारा पुढ्यात घेतला आणि एकेक रकाना स्पॅनिशमध्ये लिहायला बसले.

काही शब्द तर लगेच पक्के झाले. 'इतर हक्क'मध्ये सोसायटीच्या पीककर्जाचा बोजा आहे. स्पॅनिशमध्ये 'कार्गा' म्हणजे ओझं, आणि जमिनीवरचा बोजाही कार्गाच! 'लिब्रे दे कार्गास' म्हणजे बोजा नसलेली. खरेदीखताला 'एस्क्रितुरा', म्हणजे मुळात लिखाण. स्थावर ते 'इन्मुएब्ले', जंगम ते 'मुएब्ले'. रोजच्या बोलण्यात मुएब्ले म्हणजे टेबल-कपाट. गहाणाला 'इपोतेका', वारसाला 'एरेदेरो'.

आमचं-आमची हेही सोपं गेलं. 'नुएस्त्रो तेरेनो', 'नुएस्त्रा कासा'. आजी अहिराणीत 'मना भाऊ, मनी बहीण' म्हणते, तसंच: वस्तू जशी, तसा शब्द.

अडले ते 'सु'पाशी. वाक्य असं होतं: आजीने तिचं वावर काकांना बटाईने, म्हणजे पिकाच्या वाट्यावर कसायला दिलं. मी 'सु तिएर्रा' लिहिलं. पण 'सु' म्हणजे तिचं, त्याचं, त्यांचं, तुमचं, सगळंच. मग वावर आजीचं की काकांचं? आजोबा गेल्यावर वारस नोंद व्हायला फार वर्षं गेली, आजीने त्यासाठी तलाठ्याकडे किती खेटे घातले ते मी पाहिलंय. त्यामुळे या वाक्यात मालकीबद्दल शंका राहिलेली मला नको आहे.

दुसरं म्हणजे भोगवटादार, म्हणजे सातबाऱ्यावर जमीन ज्याच्या नावावर असते तो. 'पोसेएदोर', 'प्रोपिएतारियो', 'दुएन्यो', 'तितुलार' यातला कोणता? आणि बटाईला काय म्हणतात?

प्रतिसाद

ताई, 'सु'चा घोळ होतो तिथे तो टाकूनच द्यायचा. 'ला तिएर्रा दे एया' म्हणा, म्हणजे तिची जमीन. त्याहून चांगलं: 'एस्ता आ नोम्ब्रे दे मी आबुएला'. शब्दशः आपलं 'आजीच्या नावावर आहे'.

दुएन्यो बोलण्यात, प्रोपिएतारियो कागदावर. पोसेएदोर म्हणजे ताबा असलेला, तो मालक असेलच असं नाही, म्हणून तो इथे नको. नोंदीवर ज्याचं नाव, त्याला तितुलार; भोगवटादाराला हाच जवळचा. जमीन भोगवटादार वर्ग 1 ची, म्हणजे परवानगीशिवाय विकता येणारी असेल तर प्रोपिएतारियोही चालेल. वर्ग 2 ला विकायला सरकारी परवानगी लागते, तेव्हा एका शब्दात बसवू नका, एक वाक्य जास्त लिहा.

बटाईला 'आपार्सेरिया'. निम्म्या वाट्याने कसणाऱ्याला 'मेदिएरो'ही म्हणतात, 'मेदियो' म्हणजे अर्धा.

धागाकर्ती

मनापासून आभार. जमीन वर्ग 1 चीच आहे. 'आ नोम्ब्रे दे'चं वाक्य वहीत उतरवलं आणि आजीला वाचून दाखवलं. अर्थ सांगितल्यावर तिने विचारलं, "त्याम्हा मनं नाव शे का?"

नव्हतं. 'मी आबुएला'च्या पुढे आता तिचं पूर्ण नाव लिहिलंय, सातबाऱ्यावर आहे तसंच.