निषिद्ध मजकुराची तक्रार: निर्णय होतो, पण तो कोणाला कळतो?

नीरक्षीर: ऑस्ट्रेलियात जानेवारी २००० पासून इंटरनेटवरील निषिद्ध मजकुराविरुद्ध सामान्य नागरिकाला थेट नियामकाकडे तक्रार करता येऊ लागली. मजकूर देशातल्या सर्व्हरवर असेल तर तो काढण्याची नोटीस निघे; परदेशात असेल तर त्याचा पत्ता फिल्टर पुरवणाऱ्या कंपन्यांकडे जाई, आणि ही यादी गुप्त राही. २००९ मध्ये विकिलीक्सने ती म्हणून एक यादी प्रसिद्ध केली, तेव्हा तीत क्वीन्सलंडमधील एका दंतवैद्याचे संकेतस्थळही निघाले. यादी गुप्त असेल, तर आपण तीत आहोत हे अशा माणसाला कळणार कसे?

सावधान: फुटलेली यादी अधिकृत यादीशी जुळत नाही, असे सरकारने तेव्हाच सांगितले होते. शिवाय बालकांच्या लैंगिक शोषणाच्या चित्रांचे पत्ते जाहीर करणे म्हणजे गुन्हेगारांच्या हाती निर्देशिका देणे होय. गुप्तता सोडा, असे म्हणणाऱ्याने या प्रश्नाचे उत्तर आधी द्यावे.

नीरक्षीर: यादी जाहीर करा, असे मी म्हटलेलेच नाही! ज्याचे संकेतस्थळ आहे त्याला कळवा, एवढीच मागणी आहे. दंतवैद्याचे संकेतस्थळ पूर्वी हॅक झाले होते, असा खुलासा खुद्द मंत्र्यांनी केला. म्हणजे नोंद मुळात सकारण असेलही, पण साफसफाईनंतर ती पुसण्यासाठी कोणी फिरकले नाही.

सावधान: कळवत बसण्याइतका वेळ नेहमी नसतो. संमतीविना पसरवलेल्या खासगी छायाचित्राची तक्रार करणाऱ्या व्यक्तीला सुनावणी नको असते, छायाचित्र हटलेले हवे असते. तिथल्या २०२१ च्या कायद्याने असा मजकूर काढण्यासाठी साधारणपणे २४ तासांची मुदत ठेवली, ती याचसाठी.

तिसरी बाजू: २४ तासांना माझाही विरोध नाही, परंतु दोघेही तक्रारदाराकडे पाहतच नाहीत. त्याच २००९ मध्ये एका चर्चास्थळावरील केवळ दुव्यासाठी, तो काढला नाही तर दिवसाला ११,००० डॉलर दंड, अशी नोटीस होस्टिंग कंपनीला गेली. आणि त्या दुव्यामागच्या पानाची मूळ तक्रार नियामक काय करतो हे आजमावण्यासाठीच केलेली होती.

सावधान: तक्रारदाराचा हेतू तपासणे हे नियामकाचे काम नव्हे. मजकूर निषिद्ध असेल तर तक्रार कोणी केली याने काय फरक पडतो?

नीरक्षीर: फरक पडतो तो क्रमात. मुख्यतः ज्याची तक्रार येते तेच तपासले जाते, त्यामुळे चिकाटीने अर्ज भरणारी मोजकी माणसे नियामकाचा अग्रक्रम ठरवतात. न्यायाधिकरणाकडे दाद मागण्याची सोय आहे, हे मान्य; पण ती वापरायला आधी निर्णय हातात पडावा लागतो.