बार्बलसाठी रॉड: सेव्हर्न आणि टेम, दोन्ही नद्यांना एकच चालेल का?

नदीवेडी

नमस्कार मंडळी. इंग्लंडात राहून गळ टाकणारे इथे काहीजण आहेत हे जुन्या धाग्यांवरून कळलं, म्हणून विचारतेय.

मी वुस्टरला राहते. आतापर्यंत नऊ फुटी स्पिनिंग रॉडवर पर्च आणि लहान पाइक धरलेत. यंदा बार्बल या मिशाळ नदीतल्या माशाच्या मागे लागायचं ठरवलंय. १६ जूनला नद्या मासेमारीला उघडल्या की लगेच जायचंय, म्हणून त्याआधी रॉड घ्यायला हवा. दुकानात एकाने सांगितलं, बार्बल म्हटलं की दोन पौंडी टेस्ट कर्व्हच घ्या. दुसरा म्हणाला दीड पुरे. हा टेस्ट कर्व्हचा आकडा नेमकं काय सांगतो? लांबी अकरा फूट की बारा? साध्या फीडर रॉडवर, म्हणजे चारा भरलेली वजनदार डबी (फीडर) फेकायच्या रॉडवर, भागेल का?

मी जाणार ते टेमवर, पॉविकच्या आसपास, आणि सेव्हर्नवर, जास्त करून ब्यूडलीला. एकच रॉड घेणं जमेल, तोही शंभर पौंडांच्या आत.

ट्रेंटकर

ताई, तुम्ही नद्यांची नावं दिलीत हे फार बरं केलंत. लोक मासा किती मोठा येईल ते विचारतात आणि त्यावरून रॉड घेतात. रॉड ठरतो तो पाण्याला ओढ किती आहे आणि तिथे तळाशी टिकून राहायला शिसं किती लागतं यावरून. आठ पौंडांचा तोच बार्बल टेमवर वेगळा रॉड मागतो आणि ट्रेंट नदीच्या खालच्या अंगाला वेगळा.

टेस्ट कर्व्ह म्हणजे काय, तर रॉडची मूठ आडवी धरली आणि टोक मुठीशी काटकोनात येईपर्यंत खाली ओढलं, तर त्यासाठी जेवढं वजन लागेल तो आकडा. पावणेदोन पौंड लिहिलं असेल तर तेवढ्या वजनाने टोक काटकोनात येतं. यावरून दोन अंदाज बांधायची जुनी रीत आहे. आकड्याला पाचाने गुणलं की त्या रॉडला शोभेल अशी दोर किती पौंडांच्या ताणाची ते कळतं, आणि जितके पौंड तितके औंस शिसं तो रॉड आरामात फेकतो. ही रीत रिचर्ड वॉकर या जुन्या इंग्लिश गळकऱ्याच्या काळातली, बांबूच्या चिरफाळ्या जोडून केलेल्या रॉडची. आजचा कार्बनचा रॉड त्याहून जास्त सोसतो. पावणेदोन पौंडीला हिशेबाने पावणेनऊ पौंडांची दोर येते, पण बार्बलला आम्ही सगळे दहा-बारा पौंडांचीच लावतो, कारण तळाच्या दगडगोट्यांवर आणि शिंपल्यांवर दोर घासते.

वजनाचा हिशेब करताना एक गोष्ट हमखास निसटते. फीडरवर दोन औंस छापलेलं असतं ते रिकाम्या फीडरचं. त्यात ओला चारा दाबून भरला की तो तीन औंसांच्या पुढे जातो. दीड पौंडी रॉडने असा भरलेला फीडर डोक्यावरून सपकन फेकायला गेलात तर टोक हबकतं, फीडर भलतीकडे पडतो आणि रॉडच्या जिवावरही बेतू शकतं.

ब्यूडलीला सेव्हर्न खडीवरून पळते. तिथे दोन-तीन औंस सहज लागतात, पाणी वाढलं तर जास्तच. टेमवर एरवी औंसभरात भागतं. दोन्हींना मिळून एकच म्हणाल तर बारा फूट, पावणेदोन पौंड. टेमवर तो किंचित जड वाटेल आणि सेव्हर्नला पूर आल्यावर किंचित हलका, पण मधलं सगळं तो निभावतो.

आता आकड्याइतकीच महत्त्वाची गोष्ट, रॉड वाकतो कुठून. काही रॉड फक्त टोकाला वाकतात आणि खाली काठीसारखे ताठ राहतात. बार्बलला असा रॉड नको. हा मासा लागल्यावर तळ सोडत नाही. पोट खडीला टेकवून प्रवाहाच्या आधाराने मुळांकडे निघतो आणि अगदी काठाशी आल्यावरही दोन-तीनदा जोरात खाली घुसतो. त्या शेवटच्या हिसक्याला रॉड मुठीपर्यंत वाकायला हवा, नाहीतर गळ ओठ फाडून सुटतो. म्हणून 'ॲव्हन' धाटणीचा, पूर्ण लांबीत वाकणारा रॉड बघा.

दुकानात रॉड नुसता हवेत हलवून काही कळत नाही. आपलं रील घेऊन जा, ते बसवा, दोर सगळ्या कड्यांतून ओवा आणि सोबतच्या माणसाला दोरीचं टोक धरून हळूहळू मागे जायला सांगा. वाक टोकाकडून मुठीकडे सरकताना दिसतो. दोर कुठे दोन कड्यांच्या मधे रॉडच्या वाकापासून फार लांब सुटते का तेही बघा. सुटत असेल तर कडी कमी आहेत, तो रॉड ठेवून द्या.

अल्डरखाली

ट्रेंटकरांचा मान राखून थोडं वेगळं सांगतो. मी टेमवरच बसतो. पॉविककडे काठ लाल मातीचे, उंच आणि उभे आहेत, आणि वरून विलो-अल्डरच्या फांद्या पाण्यावर आलेल्या. तिथे बारा फुटी रॉड उभा केला की टोक फांदीत. अकरा फुटी, दीड पौंडी रॉड घेऊन झाडीखालून मनगटाने अलगद सोडायचं, तेच टेमचं खरं मासे धरणं. टेमवर बार्बल पूर्वीसारखे राहिले नाहीत, पण जो येतो तो हलक्या रॉडवर कळतो, हातात जाणवतो.

आणि ताई, टेमवर रॉड स्टँडवर ठेवून बसू नका. हातात धरा, दोर तर्जनीवर घ्या. चारा तळाशी घरंगळतो ते बोटाला कळतं, मग एक बारीकशी खरखर येते, आणि त्यानंतरचा हिसका कुणाला सांगावा लागत नाही. जड रॉडला ती खरखर पोचत नाही.

ट्रेंटकर

अल्डरखाली, टेमपुरतं तुमचं शंभर टक्के मान्य. ताई फक्त तिथेच जाणार असत्या तर मीही अकरा-दीड म्हणालो असतो. पण ब्यूडलीला ऐन धारेत भरलेला फीडर टाकून तो तिथेच थोपवायचा, तर दीड पौंडी रॉड तिथे कमी पडतो. शिवाय मासा जास्त वेळ झुंजत राहतो, आणि ही गोष्ट मला सर्वांत लागते. बार्बल जीव तोडून लढतो. उन्हाळ्यात पाणी कोमट आणि उथळ असतं, त्यात प्राणवायू आधीच कमी. अशा वेळी हलक्या रॉडवर त्याला पार थकवून काढला आणि लगेच सोडला तर तो उलटा होऊन वाहून जातो. हलक्या रॉडची मजा मासा मरण्याइतकी मोठी नाही.

सोडताना त्याचं तोंड प्रवाहाकडे करून दोन्ही हातांत पाण्यातच हलकेच धरा. कल्ले नीट हलू लागतात, मग शेपूट जोर धरते आणि तो आपणहून निघतो. त्याला पाच मिनिटं लागोत नाहीतर पंधरा, घाई करायची नाही. जाळं मोठं आणि रबर लावलेलं घ्या. पाठीवरच्या पराचा पुढचा काटा करवतीसारखा दातेरी असतो, तो सुती जाळ्यात अडकतो.

मुळशीकर

वाचायला मजा येतेय. आमच्याकडच्या खडसासारखाच हा मिशाळ मासा का? आणि खातात का तो?

ट्रेंटकर

एकाच मोठ्या कुळातले, दोघांना चार मिशा, दोघांनाही दगडाळ वाहतं पाणी प्रिय. खडसाचे खवले मात्र कितीतरी मोठे. बार्बल इथे कुणी खात नाही, धरून सोडतात. त्याची अंडी विषारी असतात, तेव्हा खायचा विचारही नको. एक गंमत सांगतो: सेव्हर्नमध्ये हा मासा मुळात नव्हता. १९५६ साली केनेट नदीतून आणून सोडला आणि तिथे तो असा रुजला की आज ब्यूडलीचं नाव बार्बलमुळेच घेतलं जातं. ट्रेंट आणि थेम्समध्ये मात्र तो मूळचाच, कारण या पूर्वेकडे वाहणाऱ्या नद्या कधीकाळी ऱ्हाइनच्या खोऱ्याशी जोडलेल्या होत्या.

नदीवेडी

किती सविस्तर सांगितलंत, मनापासून आभार. अजून दोन शंका. ओळखीतले एकजण त्यांचा बारा फुटी कार्प रॉड अगदी स्वस्तात देतायत, पावणेतीन पौंडी. तो घेऊ का? आणि दोन टोकं मिळणारा रॉड, एक ॲव्हन आणि एक क्विव्हर (चावा दाखवणारं बारीक, लवचिक टोक), त्याचा उपयोग होतो का?

ट्रेंटकर

कार्प रॉड नको. पावणेतीन पौंडी रॉड तळ्यावर जड शिसं लांब फेकायला केलेला असतो. ट्रेंटला पूर असताना खालच्या अंगाला, पाच-सहा औंस लावून मी तसले रॉड वापरलेले पाहिलेत, आणि तिथे ते ठीकही आहे. टेमवर तो गळ उपटून काढेल.

दोन टोकांचा रॉड मात्र तुमच्यासाठी उत्तम. ॲव्हन टोक बार्बलला. क्विव्हर टोक हिवाळ्यात चब हा मासा धरायला, तेव्हा चावा नाजूक असतो. बार्बलला नाजूक टोकाची गरजच नाही, तो सगळा रॉडच ओढतो. म्हणून स्टँडवर ठेवलात तर रीलची सैल सोडायची खिट्टी चालू ठेवा आणि रॉडपासून हलू नका. पाण्यात गेलेले रॉड इथे दर मोसमात ऐकू येतात. साध्या फीडर रॉडबद्दल विचारलं होतंत: मजबूत असेल तर चालतो, पण पातळ टोक मुळांजवळच्या ओढाताणीत आधी मोडतं.

वापरलेला रॉड मिळत असेल तर बजेटात छान बसेल. घेण्याआधी कान साफ करायची कापसाची काडी प्रत्येक कड्यातून आतल्या बाजूने गोल फिरवा. कापसाचे तंतू कुठे अडकले तर आतल्या चिनी मातीला चीर आहे, ती दोर कापते. एखादं कडं बदलून मिळतं, बरीच गेली असतील तर सोडून द्या. मग दोन्ही भागांचा जोड बघा. घट्ट बसवल्यावर थोडी फट राहिली पाहिजे. फट उरली नसेल तर जोड झिजलाय, आणि भर झुंजीत तो फिरतो.

अल्डरखाली

बारा फुटीच घेतलात तर पॉविकला पुलाच्या वर जाऊ नका, तिथे झाडी फार. खालच्या अंगाला, टेम सेव्हर्नला मिळते तिकडे काठ जरा मोकळा आहे. जाळ्याचा दांडा मात्र लांब घ्या, काठ उभा आहे. आणि परवान्यासोबत त्या काठाचं तिकीट कुणाकडे मिळतं ते जूनच्या आधी विचारून ठेवा.